‘नोट्स रिसिव्हेबल’मध्ये गेलेली रोकड नफा-तोट्यात का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय की एका लिस्टेड कंपनीच्या कॅश फ्लोमध्ये ‘नोट्स रिसिव्हेबल’पोटी 40 कोटी गेलेले दिसतात, पण नफा-तोटा पत्रकात तो खर्च कुठेच नाही, मग पैसे गेले कुठे?

तो खर्च नाहीच. कंपनीने कुणाला तरी कर्ज दिलंय. ‘नोट्स रिसिव्हेबल’ हा अमेरिकी हिशेबातला शब्द. आपल्याकडे ताळेबंदात ‘लोन्स’ लिहितात, आणि एका कंपनीने दुसरीला दिलेल्या अशा पैशाला मुंबईच्या बाजारात आयसीडी (इंटर-कॉर्पोरेट डिपॉझिट) म्हणतात. उधार विक्रीवर मिळालेली प्राप्य विपत्रं (गिऱ्हाइकाने पुढे पैसे द्यायचं लिहून दिलेले कागद, बिल्स रिसिव्हेबल) वेगळी, तिथे रोकड बाहेर जातच नाही, फक्त यायची राहते. दिलेलं कर्ज इंड एएस 7 या कॅश फ्लोच्या भारतीय हिशेब मानकाप्रमाणे कॅश फ्लोच्या गुंतवणुकीच्या भागात येतं. बँका आणि एनबीएफसींचा (बिगर-बँक वित्तसंस्थांचा) तो धंदाच असल्याने त्यांचं कामकाजाच्या भागात दाखवतात.

आता मूळ काम, ताळा जुळवणं. समजा सुरुवातीची बाकी 25 कोटी, वर्षात दिले 40, परत आले 12. अखेरची बाकी 53 हवी. ताळेबंदात 56 दिसली, तर वरचे 3 कोटी बहुधा न आलेलं व्याज, जे मुद्दलात मिळवलंय. नफ्यात व्याज 3.5 कोटी आणि कॅश फ्लोमध्ये ‘मिळालेलं व्याज’ फक्त 50 लाख असेल, तर उत्तर तिथेच मिळालं: नफा कागदावर आहे, रोकड आलेली नाही. उलट बाकी 48 निघाली, तर 5 कोटी बुडीत धरलेत की कर्जाचे शेअर करून घेतलेत, ते हिशेबाला जोडलेल्या टिपांमध्ये शोधा.

हे सगळं स्टँडअलोन, म्हणजे उपकंपन्या न मिळवता फक्त त्या कंपनीच्या, आकड्यांवर करा. उपकंपनीला दिलेलं कर्ज एकत्रित ताळेबंदात गायब होतं, नवशिके हमखास इथे चुकतात. आणि नुसत्या 31 मार्चच्या बाकीवर विसंबू नका. मार्चअखेर परत आलेले पैसे एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर जाऊ शकतात. म्हणून दिलेले आणि परत आलेले आकडे वेगवेगळे पाहा.

पैसे कुणाला दिले हे कंपनी कायद्याच्या कलम 186 खालच्या टिपेत कळतं. त्या कलमानुसार कर्ज कशासाठी दिलं हेही लिहावं लागतं, आणि व्याजदर जवळच्या मुदतीच्या सरकारी रोख्याच्या परताव्यापेक्षा कमी चालत नाही. ‘सर्वसाधारण व्यावसायिक कामासाठी’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी सावध होतो. प्रवर्तक किंवा संबंधित पक्षांना मागणीवर परतफेडीचं किंवा मुदत न ठरवता दिलेलं कर्ज एकूण कर्जाच्या किती टक्के, हे कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 (ताळेबंदाचा ठरवून दिलेला नमुना) नुसार एप्रिल 2021 पासून वेगळं दाखवावं लागतं.

शेवटी ऑडिटरच्या अहवालाला जोडलेला कारो 2020 (ऑडिटरने कशावर लिहायचं ते सांगणारा सरकारी आदेश) चा खंड 3(iii) उघडा. 90 दिवसांपेक्षा जास्त थकलेली रक्कम आणि जुनं थकलेलं फेडायला दिलेलं नवं कर्ज, दोन्ही तिथे आकड्यांसकट असतं. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून ‘186’ शोधलंत की ती टीप सापडते.