लेह ते कारगिल अंतर किती आणि विमानाने किती वेळ लागतो?

सरळ रेषेत अंतर साधारण 140 किमी आहे, म्हणजे छोटं विमान अर्ध्या तासात पोहोचेल. पण कारगिलला नियमित प्रवासी विमानसेवा नाही, त्यामुळे तो वेळ धरून बेत आखू नका. रस्त्याने सुमारे 215 किमी पडतात आणि गाडीने पाच-सहा तास लागतात.

वाटेत निमूजवळ सिंधू-झंस्कारचा संगम दिसतो. झंस्कारचं पाणी गढूळ, सिंधूचं हिरवट, आणि मिळाल्यावरही ते काही अंतर वेगळं ओळखू येतं. पुढे लामायुरूचा मठ, मग फोटू ला (4108 मी.), श्रीनगर-लेह रस्त्यावरचा सगळ्यात उंच घाट. मुलबेखला कातळात कोरलेली मैत्रेयाची (भावी बुद्धाची) मूर्ती अगदी रस्त्यालगत आहे, तिथे आवर्जून थांबा.

पुण्या-मुंबईहून थेट विमानाने लेहला उतरणार असाल, तर पहिले दोन दिवस तिथेच विश्रांती घ्या. लेह 3500 मीटरवर आहे. उतरल्या उतरल्या फोटू ला चढायला निघणं तब्येतीला झेपत नाही, विशेषतः बरोबर आई-वडील असतील तर. लेहहून शेअर टॅक्सी मिळतात, पण त्या सकाळी लवकर भरून निघतात.