वीस पिनांचा बोर्ड, चोवीस पिनांचा प्लग

प्रश्न : माझ्या संगणकाच्या जुन्या मदरबोर्डावर २० पिनांचे सॉकेट आहे, नव्या एटीएक्स (डेस्कटॉप संगणकांसाठीच्या प्रमाणित रचनेच्या) पॉवर सप्लायचा प्लग मात्र २४ पिनांचा आहे. जोडण्यापूर्वी तो कसा तपासावा?

उत्तर : भिंतीवरचे बटण बंद ठेवून प्लगमधील एकमेव हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी वाकवलेल्या यू-पिनेने जोडावी आणि मगच बटण सुरू करावे. पंखा फिरला एवढ्यावर समाधान मानू नये (आम्हीही एकदा फसलो आहोत); मल्टिमीटरवर काळ्या तारेच्या तुलनेत पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. जादा चार पिना उरलेल्या वीस पिनांमधल्याच विद्युतदाबांच्या असल्याने तो चार पिनांचा तुकडा बहुधा सरकवून वेगळा करता येतो. प्रोसेसरचा चार पिनांचा पिवळ्या-काळ्या तारांचा प्लग मात्र त्या तुकड्याच्या जागी कधीही बसवू नये.