वाळवंटात एकट्यानेच जड मोटरसायकल चालवताना ती वाळूत रुतली तर काय करावं?

सगळ्यात आधी ॲक्सिलरेटर पिळणं थांबवा. चाक जागच्या जागी फिरून स्वतःचाच खड्डा खणतं. इंजिन बंद करा, सामान उतरवा आणि २०० किलोची ती गाडी चक्क आडवी पाडा. (हो, मुद्दाम. जिवावर येतं, पण कराच.) चाकाखालचा खड्डा पायाने वाळू लोटून बुजवा, मग गाडी उभी करा. टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि पहिल्या गिअरमध्ये, वर न बसता, शेजारून चालत बाहेर काढा. कडक जमिनीवर हवा परत भरायला छोटा पंप हवाच. भर दुपारी रुतलात तर आधी सावली आणि पाणी, गाडी संध्याकाळी. सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलला रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) मात्र बॅगेत नको, अंगावर ठेवा. पाय गाडीखाली अडकला तर बॅगेपर्यंत हात पोचत नाही.