ॲल्युमिनियमच्या पॉकेटमध्ये ४ फ्लूटचा एंड मिल का भरून जातो? कटर निवडताना कोणते कोन पाहावेत?

वागळे इस्टेटमधल्या आपल्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर) ॲल्युमिनियममध्ये २० मि.मी. खोल पॉकेट, म्हणजे खोलगट खाच, करताना १० मि.मी.चा ४ फ्लूटचा (चार खाचांचा, म्हणजे चार दातांचा) कार्बाइड एंड मिल, म्हणजे फिरून कापणारा कटर, चिप्सनी (कापलेल्या धातूच्या तुकड्यांनी) भरून तुटतो आणि दुकानदार मात्र ‘दात जास्त तेवढे फिनिश चांगले’ असे सांगतो, असे आपण लिहिले आहे. त्याचे म्हणणे एम.एस.च्या (माइल्ड स्टीलच्या) फिनिश कटपुरते ठीक आहे, पण खोल पॉकेटला ते लागू पडत नाही. मी रबाळे एमआयडीसीत याच कामावर आहे आणि माझ्या मते दात मोजण्याआधी निघालेली चिप कुठून बाहेर पडणार, याचा विचार करायला हवा.

दात वाढले की मधला गाभा जाड होतो आणि दोन दातांमधली जागा कमी होते. स्टीलमध्ये ताकदीसाठी हा जाड गाभा हवाच असतो. ॲल्युमिनियममध्ये मात्र स्पीड जास्त असल्यामुळे चिप्स फार निघतात, शिवाय त्या मऊ असल्याने धारेला चिकटतात, आणि जागा अपुरी पडली की त्याच चिप्स पुन्हा कापल्या जाऊन कटर जाम होतो. म्हणून आपण २ किंवा ३ फ्लूटचा, चकचकीत पॉलिश केलेल्या फ्लूटचा कटर घ्यावा. आमच्या भागात एम.एस.चे काम जास्त असल्यामुळे दुकानात आधी ४ फ्लूटचाच पुढे येतो, तेव्हा ‘ॲल्युमिनियमसाठीचा’ असे स्पष्ट सांगूनच मागावा.

आता कोनांविषयी. चिप ज्या पृष्ठावरून सरकते त्याचा कल म्हणजे रेक अँगल. धारेमागची बाजू जॉबला (कापायच्या तुकड्याला) घासू नये म्हणून दिलेली मोकळीक म्हणजे क्लिअरन्स अँगल. आणि या दोहोंमध्ये उरलेले धातूचे पाचर म्हणजे वेज अँगल. तिघांची बेरीज ९० अंश असल्यामुळे रेक वाढवला तर धार तीक्ष्ण होते, कापायला जोर कमी लागतो, पण पाचर बारीक होऊन धार नाजूक बनते. ॲल्युमिनियमला मोठा पॉझिटिव्ह रेक मानवतो. कडक स्टीलमध्ये तीच धार टवके उडून खराब होईल. हेलिक्स अँगल, म्हणजे फ्लूटच्या पिळाचा कोन, साधारण ४५ अंशांचा असल्यास चिप वर उचलली जाते आणि दात सावकाश जॉबमध्ये शिरतो, मात्र तो जॉबलाही वर खेचतो, त्यामुळे पातळ पत्र्यासाठी कमी हेलिक्स बरा.

कोटिंगचेही पाहावे. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा जांभळट-काळा थर स्टीलच्या उष्णतेत उत्तम टिकतो, पण ॲल्युमिनियम त्याला चिकटण्याचा संभव वाढतो. येथे बिनकोटिंगचा कटर स्वस्तही पडतो आणि चालतोही चांगला.

आकडे धरायचे तर १० मि.मी.च्या कटरला ६००० आरपीएम दिल्यास कटिंग स्पीड मिनिटाला सुमारे १८८ मीटर येतो. प्रत्येक दाताला ०.०६ मि.मी. फीड (पुढे सरकणे) धरले, तर ३ फ्लूटसाठी टेबल फीड ६००० × ३ × ०.०६, म्हणजे मिनिटाला १०८० मि.मी. होते. कटर वाचवण्यासाठी फीड फारच कमी करू नये, कारण मग दात कापण्याऐवजी घासतो आणि गरम होतो. खोली थरांमध्ये विभागावी आणि कुलंटचा किंवा हवेचा झोत थेट पॉकेटमध्ये सोडावा.

कॉलेटबाहेरची (कटर धरणाऱ्या पकडीबाहेरची) लांबी अनेकदा दुर्लक्षित राहते. कटरचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४० मि.मी. बाहेर असलेला कटर ३० मि.मी.वर आणला तर तेवढ्याच जोराखाली तो निम्म्याहून कमी वाकेल. आपल्या पॉकेटला तेवढी लांबी पुरते.

आपल्याकडचे ४ फ्लूटचे कटर बिनकोटिंगचे असतील तर बाजूला टाकू नयेत. पॉकेट साफ झाल्यावर भिंतींवरचा शेवटचा ०.२ मि.मी.चा कट त्यांच्याकडून घ्यावा, कारण तेथे चिप थोडी असते आणि जाड गाभ्याचा फायदा मिळतो.