ब्लंट म्हणावं का फ्रँक?

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, बीएस्सी ॲग्री झालो. मागच्या महिन्यात एका बियाण्याच्या कंपनीत इंटरव्ह्यू होता, त्यायनं म्हटलं स्वतःबद्दल एका वाक्यात सांग, मी म्हटलं 'आय ॲम अ ब्लंट पर्सन'. मले वाटलं स्पष्ट बोलणारा गडी म्हणून चांगलं इम्प्रेशन पडन, पण समोरचे दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहाले लागले. आता एक दोस्त म्हणते फ्रँक म्हणाचं होतं, दुसरा म्हणते कँडिड, तिसरा स्ट्रेटफॉरवर्ड. डिक्शनरी उघडली त सगळ्याइच्या पुढं स्पष्टवक्ता, स्पष्टवक्ता, स्पष्टवक्ता. मंग फरक काय हाय? अन आपून वऱ्हाडी लोक याच्यातले नेमके कोण?

उत्तर : बेटा, तुझ्यापेक्षा त्या डिक्शनरीची चूक जास्त आहे. मराठीत तरी परखड, रोखठोक, फटकळ, तोंडाळ हे सगळे एकच आहेत का? तुझ्या मायले कोणी परखड म्हटलं तर तुला बरं वाटेल, तोंडाळ म्हटलं तर तू भांडायला उठशील. इंग्रजीतही तसंच आहे, फक्त आपल्याला ते शब्द घरात ऐकून नाही तर पुस्तकातून मिळाले म्हणून त्यांचा वास लागत नाही.

ब्लंट म्हणजे मुळात बोथट. धार गेलेला इळा असतो ना, त्यानं ज्वारी कापायला गेलं तर ताट सपकन कापलं जात नाही, चेंदलं जातं, मुळासकट उपटून येतं, काम होतं पण ताटाची पार वाट लागते. ब्लंट माणूस खोटं बोलत नाही, शिवीही देत नाही, पण ऐकणाऱ्याला किती लागेल याचा हिशोब त्यानं केलेला नसतो, आणि त्या शब्दात सगळं लक्ष त्या लागण्यावरच आहे. म्हणून एखाद वेळी 'लेट मी बी ब्लंट' म्हटलेलं चालतं, ते म्हणजे आता थोडं लागेल, सांभाळून घ्या. पण मी माणूसच ब्लंट आहे असं नोकरी मागताना म्हटलं की समोरचा ऐकतो, हा पोरगा उद्या कास्तकाराला, डीलरला, साहेबाला असाच बोलणार आणि आपण ते झेलत बसायचं. ते एकमेकांकडे का पाहत होते ते आता तुझ्या लक्षात येईल.

फ्रँकची गोष्ट वेगळी. फ्रँक नावाची एक जर्मनिक टोळी होती, फ्रान्स हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यांनी तो मुलूख जिंकला तेव्हा पूर्ण हक्काचा मोकळा माणूस म्हणजे फ्रँक असं समीकरण झालं, आणि शब्दाचा अर्थच मोकळा, कोणाच्या बंधनात नसलेला असा झाला. पत्रावर तिकिटाऐवजी जो फ्रँकिंगचा छाप येतो तोही याच घराण्यातला, पूर्वी तो छाप बिनपैशानं मोकळं जाणाऱ्या टपालाचा होता म्हणून. तर फ्रँक म्हणजे मोकळेपणानं बोलणारा, आपण मराठीतही 'मोकळं बोल' असंच म्हणतो, फार जवळचा शब्द आहे. डॉक्टरला आपण म्हणतो ना, सायेब लपवू नका, काय असंल ते सांगा, तिथं इंग्रजीत फ्रँकच येईल, ब्लंट नाही, कारण आपल्याला खरं हवं असतं, मार नको असतो. पण पेपरात दोन देशांची 'फ्रँक' चर्चा झाली असं आलं की समजायचं, मतभेद झाले आहेत.

कँडिड मला या सगळ्यात जास्त आवडतो. लॅटिनमध्ये कँडिडस म्हणजे शुभ्र पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडू लावून पांढरा केलेला अंगरखा घालून फिरायचा, त्यावरून कँडिडेट आला, आणि आपल्याकडचे उमेदवारही आजपर्यंत पांढरेच कपडे घालतात. पण आजचा कँडिड म्हणजे जे लपवता आलं असतं, लपवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, ते आपणहून सांगणारा, त्यातही जास्त करून स्वतःबद्दल. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीत विषबाधेनं माणसं गेली, ते तुला मी वेगळं सांगायला नको. अशा वेळी एखादा कास्तकार उभा राहून म्हणतो की मी दोन औषधं एकत्र केली, तोंडाले काहीच बांधलं नव्हतं, लेबल वाचलं नव्हतं, तर तो कँडिड. त्याला ब्लंट म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. लग्नातले कँडिड फोटोही त्याच अर्थाचे, पोज न घेता जसं असेल तसं.

स्ट्रेटफॉरवर्ड तुझ्या इंटरव्ह्यूसाठी सगळ्यात बरा. माणूस सरळ, पोटात एक ओठात एक नाही. तो शब्द माणसाखेरीज कामालाही लावतात, पीक विम्याचा फॉर्म सोपा असेल तर फॉर्मही स्ट्रेटफॉरवर्ड. फॉर्थराइट त्याचाच जरा भारदस्त भाऊ, लिहिण्यात जास्त भेटतो.

आउटस्पोकन मात्र घरातल्या बोलण्याला लागत नाही. चार लोकांसमोर, कोणाला राग येईल हे माहीत असून आपलं मत मांडणारा तो आउटस्पोकन. गाडगेबाबा घे. १८७६ साली शेंडगावला जन्म, कीर्तनात उभे राहून वऱ्हाडीत लोकांनाच प्रश्न विचारायचे, कर्ज काढून सण कशाले करता, दारू कशाले पिता, देवाच्या नावानं बकरं कशाले कापता, शिवाशिव कशाले पाळता, आणि उत्तर समोरच्याच्याच तोंडून काढायचे. मी त्यांना आउटस्पोकन म्हणेन, प्लेन-स्पोकन म्हणेन, म्हणजे साध्या बिनसजावटीच्या शब्दांत बोलणारा, ही इंग्रजीत चांगली स्तुती आहे. ब्लंट म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर वाद घालेन, कारण बाबांना समोरच्याची नस बरोबर ठाऊक होती, बोथट हत्यारानं इतकं अचूक काम होत नाही.

आता आपण वऱ्हाडी लोक कोण? मी स्वतः शिकायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसवाल्या काकूंना 'तू पोळी वाढ ना' म्हटलं आणि अख्खी मेस गप्प झाली. आपल्याकडे माय, मावशी, आबाजी, जवळची सगळीच माणसं तू. त्या दिवशी मी खूप रडले, अजून आठवतं. पुढं इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबद्दल वाचलं आणि जीव सुखावला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'यू' हे आदराचं आणि 'दाऊ' हे आपल्या तू सारखं होतं. या पंथाच्या लोकांनी ठरवलं की देवापुढं सगळे सारखे, तर गरीब असो की मॅजिस्ट्रेट, प्रत्येकाला दाऊच म्हणायचं. लोकांनी त्यांना उद्धट म्हटलं, त्यांना त्रास दिला, पण त्यांनी आपल्या त्या बोलण्याला नाव दिलं प्लेन स्पीच, साधी बोली. आपल्या 'तू'ला इंग्रजीतून नाव द्यायचं असेल तर मी हेच देईन. रूड म्हणणाऱ्याला सांग की रूडचा मूळ अर्थ कच्चा, न घडवलेला असा आहे, आणि आपली बोली पिढ्यान्‌पिढ्या घडलेली आहे.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे. टीम लीडर म्हणे तुझे ईमेल कर्ट असतात. ती तर कोणाला वाईट लिहीतच नाही. म्हणजे काय? — एक आई, कारंजा

उत्तर : ताई, कर्ट म्हणजे तुटक. लॅटिन कर्टस म्हणजे कापून आखूड केलेलं, मराठी तुटकसुद्धा तुटण्यावरूनच आलाय. यात मजकूर वाईट असावा लागत नाही, फक्त आखूड आणि कोरडा असला की झालं. ब्रस्क म्हणून अजून एक आहे, इटालियन ब्रुस्को म्हणजे आंबट-तुरट यावरून आलेला, तो घाईत झटकून टाकल्यासारख्या वागण्याला म्हणतात.

तुमच्या मुलीचं काय होत असेल ते मला दिसतं. आपण म्हणतो 'ते फाईल पाठव ना', 'जरा पाहून देजो', आणि त्या 'ना'मध्ये, 'जरा'मध्ये, 'देजो'मध्ये सगळी माया असते. इंग्रजीत ती लिहिते 'सेंड द फाईल', तिच्या डोक्यात तो 'ना' वाजत असतो पण कागदावर उतरतच नाही. पुढं प्लीज लावलं तरी तो हुकूमच राहतो. इंग्रजीवाले तो 'ना' 'कुड यू' नं भरून काढतात, म्हणजे विचारतात, पाठवता येईल का. नाही म्हणायचं असेल तर आधी 'आय ॲम अफ्रेड' लावतात, त्यात भीतीबिती काही नाही, ते आपलं 'काय सांगू बापा' आहे. तिला म्हणावं प्रत्येक मेलमध्ये आपला 'ना' कुठं गेला ते शोध आणि तिथं 'कुड यू' ठेव, बाकी एक अक्षर बदलू नको.

प्रश्न : 'कॉल अ स्पेड अ स्पेड' यातला स्पेड म्हणजे पत्त्यातला इस्पिक का?

उत्तर : नाही, फावडं. फावड्याला फावडंच म्हणायचं. मूळ ग्रीक गोष्टीत तर फावडंही नव्हतं, लाकडी कठवत, म्हणजे खोलगट भांडं होतं. सिकंदराचा बाप फिलिप म्हणाला होता की आम्ही मॅसिडोनियावाले खेडवळ माणसं, कठवतीला कठवतच म्हणतो. पुढं इरॅस्मस नावाच्या डच विद्वानानं ते लॅटिनमध्ये आणताना कठवतीचं फावडं केलं आणि १५४२ मध्ये निकोलस उडालच्या भाषांतरातून ते इंग्रजीत आलं. फक्त अमेरिकन माणसासमोर वापरू नका, तिथं विसाव्या शतकात स्पेड ही काळ्या लोकांसाठी शिवी झाली, म्हणीचा तिच्याशी संबंध नसला तरी ऐकणाऱ्याला टोचतं. त्याऐवजी 'टू पुट इट प्लेनली' म्हणा.