पहिल्याच एमयूएनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या नमुना परिषदेला जातोय, प्रतिनिधित्वासाठी देश घाना मिळालाय. ड्राफ्ट रिझोल्यूशन कसं लिहायचं?

अकरावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ अरे-तुरे करते. समिती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली, निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेची, म्हणजे सगळे जिला डायसेक म्हणतात ती, आणि विषय लहान शस्त्रांचा बेकायदा व्यापार. घानासाठी बरा विषय आहे, रडायचं कारण नाही.

घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर एखादा जीआर मागून घे. वर 'वाचा', मग 'प्रस्तावना', मग 'शासन निर्णय'. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाची घडण जवळपास तीच. आधी प्रास्ताविक कलमं: जुने ठराव, करार, वाटणारी चिंता. प्रत्येकाच्या शेवटी स्वल्पविराम. मग क्रमांक घातलेली कृतीची कलमं, त्यांच्या शेवटी अर्धविराम. पूर्णविराम एकदाच, अगदी तळाशी. अख्खा ठराव म्हणजे एकच लांबलचक वाक्य आणि त्याचा कर्ता 'आमसभा'. एवढं डोक्यात बसलं की व्याकरणाच्या निम्म्या चुका जातात.

खरी गोम क्रियापदात आहे. माझ्या पहिल्या एमयूएनला याच समितीत मी झोकात लिहिलं होतं, 'शस्त्रं पुरवणाऱ्या देशांवर निर्बंध लादते'. चेअरनी, म्हणजे समितीच्या अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या अधिकारात?" माझं प्लॅकार्ड, म्हणजे बोलायला वर धरायची देशाच्या नावाची पाटी, खाली गेलं ते दुपारच्या जेवणापर्यंत वर आलं नाही. सगळ्या देशांना बंधनकारक असे निर्बंध लावणं हे सुरक्षा परिषदेचं काम, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली. आमसभा आवाहन करते, शिफारस करते, आग्रह धरते, निषेधसुद्धा करते; हुकूम सोडत नाही. सौम्य टोकाला 'नोंद घेते' आहे. त्याचा अर्थ ना पसंती ना नापसंती, असं आमसभेनेच २००१ मध्ये स्पष्ट केलंय. ब्लॉकमध्ये, म्हणजे मिळून ठराव लिहिणाऱ्या देशांच्या गटात, एखाद्या अहवालावरून जुंपली की हा शब्द काढायचा, दोन्ही बाजू गप्प होतात.

शब्दांवर एवढा कीस कशाला, असं वाटत असेल तर सुरक्षा परिषदेचा १९६७ चा ठराव २४२ बघ. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. इंग्रजीत 'प्रदेशां'च्या आधी 'द' नाही, फ्रेंच प्रतीत मात्र तसं उपपद आहे. मग माघार सगळ्या प्रदेशांतून की काहींतून? वाद अजून मिटलेला नाही. गंमत म्हणजे मराठीत उपपदच नसल्यामुळे भाषांतर वाचणाऱ्याला भांडण कशावरून आहे तेच कळत नाही.

आता तुझा घाना. 'बेकायदा शस्त्रांविरुद्ध कठोर पावले उचलावीत' हे कलम नव्हे, भाषण झालं. कुणी, काय, कुणाच्या पैशाने, कधीपर्यंत, हे मराठीतच मनाशी विचार आणि मग इंग्रजीत लिही. घानात गावोगावचे लोहार चोरून बंदुका घडवतात, ही तिथली जुनी डोकेदुखी. म्हणजे तुझं कलम असं होऊ शकतं: 'पश्चिम आफ्रिकेतील सदस्य देशांना आवाहन करते, की बंदुका घडवणाऱ्या कारागिरांची दोन वर्षांत नोंदणी करावी आणि त्यांना शेतीची अवजारे बनवण्याचे प्रशिक्षण द्यावे'. पोलीस आणि सीमारक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अक्रामध्ये कोफी अन्नान यांच्या नावाचं केंद्र आहेच, ते कलमात घाल. नवी संस्था काढायच्या फंदात पडू नकोस. प्रास्ताविकात २००१ चा लहान शस्त्रांचा कृती कार्यक्रम आणि इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचा २००६ चा करार हवेतच. पैशाच्या जागी 'संयुक्त राष्ट्रे निधी देतील' असं प्रत्येक जण ठोकून देतो. त्याऐवजी 'ज्यांना शक्य आहे अशा देशांना' स्वेच्छेने मदत करण्याचं निमंत्रण दे. खऱ्या दस्तऐवजांत हीच भाषा असते.

शेवटी 'हा विषय विचाराधीन ठेवण्याचे ठरवते' हे कलम सगळे डोळे झाकून चिकटवतात. सुरक्षा परिषदेत त्याला वजन आहे, कारण परिषद एखादा वाद हाताळत असताना आमसभेने त्यावर शिफारस करायची नाही, असं सनदेचं बारावं कलम सांगतं. तुझ्या समितीत ते नसलं तरी काही बिघडत नाही.

मसुद्याचा स्पॉन्सर म्हणजे आपल्या ग्रामसभेतला सूचक. सिग्नेटरी, म्हणजे मसुद्यावर नुसती सही करणारा, मात्र अनुमोदक नव्हे. 'यावर चर्चा व्हावी' एवढंच त्याचं म्हणणं, मत तो विरोधातही देऊ शकतो. म्हणून अनमॉडमध्ये, म्हणजे जागा सोडून मोकळेपणी बोलायच्या वेळेत, विरोधकांकडेही बिनधास्त सही मागायला जा. किती सह्या लागतात ते कॉन्फरन्सच्या नियमावलीत असेल. घरून लिहून आणलेला मसुदा चालतो का, तेही तिथेच बघ: हेगच्या थायमुन या एमयूएनच्या पद्धतीत आणायचाच असतो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालत नाही.

आणि टायपिंग स्वतःकडे घे. मी एकदा ते काम दुसऱ्या डेलिगेटवर सोपवलं होतं. मसुदा पडद्यावर आला तेव्हा माझी दोन कलमं गायब होती आणि स्पॉन्सरच्या यादीत माझा देश सगळ्यात शेवटी.