गावच्या वैदूची मुळी सायकोसिसवर (नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं अशा मनोविकारावर) चालते का, हे तपासायला एम.फार्म.चा प्रबंध घ्यावा का? अशी चाचणी कशी करतात?

घ्या की. पण वैदूने ज्या माणसाला ती मुळी दिली, त्याच्या घरी आधी जाऊन या. त्याच्यासमोर तासभर बसा. उंदीर नंतर.

मी फार्माकॉलॉजीत एम.फार्म. केलंय, आता तालुक्याला मेडिकल चालवते. गाव पांढरकवड्याकडचं. तुम्ही विचारलंय तेच मी केलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते विज्ञानासाठी कमी आणि बाबांशी चाललेलं भांडण जिंकण्यासाठी जास्त.

२००४ च्या कपाशीच्या हंगामात दादा जागलीला गेला आणि सकाळी परत आला तो विजेच्या डीपीतून माणसं बोलतात म्हणत. पुढचं तुम्हाला माहीत असेल. आधी बाहेरची बाधा, मग लिंबू, मग दर्गा, आणि चार महिन्यांनी एकदाचं सरकारी दवाखान्यात. हॅलोपेरिडॉल, म्हणजे भास-भ्रमावरची गोळी, सुरू झालं. दोन महिन्यांत डीपी गप्प झाली. पण दादाचे हात कापू लागले, चालताना हात हलेनात, तोंडातून लाळ, डवरा धरता येईना. कडकपणावरची दुसरी गोळी मिळायची तेव्हा मिळायची. बाबा म्हणायचे, "तुया गोळ्यानं पोट्टं लाकूड झालं." मी तेव्हा बी.फार्म.ला होते, म्हणजे गोळ्या माझ्याच.

मग बाबांनी पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्या कोलामाकडून मुळी आणली. म्हातारा चिमूटभर दुधातून रात्री द्या म्हणाला होता, आणि आठ दिवसच. बाबांनी आठ महिने दिली. हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या मला नंतर कोठ्यातल्या कोनाड्यात सापडल्या, पुडीच्या पुडी.

दादा शांत झाला. सगळं गाव म्हणे, बरा झाला. मी सुट्टीत गेले तर हा ओट्यावरच्या खांबाला टेकून बसलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नाक सदा चोंदलेलं, हाक मारली की मान हळू वळणार. बीपी घेतलं तर वरचं नव्वदच्या खाली. "बाबा, हा बरा नाही झाला, गुंगलाय." "शांत झाला का नाही झाला? मंग?" एका संध्याकाळी तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. काहून बसला म्हणून विचारलं तर म्हणाला, मन भरून आलं. इतकंच.

तर ती मुळी घेऊन मी एम.फार्म.ला गेले. सरांनी नुसती वाळकी मुळी घ्यायला नकार दिला, पानाफुलासकट झाड आण म्हणाले. हे तुम्हालाही सांगते: वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ओळख पटवून, वाळवलेला नमुना जपून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. पावसाळ्यात बाबाच मला गाडीवर बसवून घेऊन गेले, वाटेत एक शब्द नाही. म्हाताऱ्याने झाड दाखवलं: एका पेराशी तीन-तीन पानं, पांढरी फुलं, त्यांचे देठ लाल. जिभेला लावली तर कडूजहर. सर्पगंधा.

सरांनी कपाळाला हात लावला. सर्पगंधेतलं रेसरपिन, म्हणजे तिच्यातलं असर करणारं द्रव्य, १९५२ सालीच स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या लोकांनी वेगळं काढलं होतं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचे निकाल छापले. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हीच मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे बाबा म्हणत होते ते ऐंशी वर्षं आधीच खरं ठरलेलं. मला हे बी.फार्म.ला शिकवलं होतं, मार्कही मिळाले होते, पण ओट्यावर बसलेल्या दादाकडे बघून त्याची आठवण झाली नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी आलेली होती, म्हणून सर म्हणाले, कर आता.

आता तुमचा प्रश्न. मुळी सावलीत वाळवली, कुटली, सॉक्सलेट नावाच्या अर्क काढायच्या उपकरणात अल्कोहोलवर चढवली, अर्क आटवला की काकवीसारखा घट्ट होतो. विषारीपणा आधी बघायचा, मग डोस ठरवायचे. उंदराला अपोमॉर्फिन टोचलं की मेंदूत डोपामिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) वाढल्यासारखं होतं आणि तो जाळीच्या पिंजऱ्याच्या भिंतीवर चढतो. चारही पाय जमिनीवर असले तर शून्य, पुढचे दोन जाळीवर असले तर एक, चारही जाळीवर असले तर दोन. अर्काने चढणं कमी झालं की म्हणायचं, असर आहे. केटामाइन देऊन बेभान धावणं मोजतात, घंटा वाजली की खांबावर चढायला शिकवलेले उंदीर वापरतात. ते सगळं पुस्तकात आहे, मी लिहीत नाही.

जे पुस्तकात ठळक नाही ते सांगते. चढणं कमी झालं ते डोपामिनमुळे की उंदीर निव्वळ पेंगला म्हणून, हे चढण्याच्या आकड्यातून कळत नाही. म्हणून रोटारॉड लावा, म्हणजे फिरत्या दांडीवर तो किती वेळ टिकतो ते बघा, आणि कॅटालेप्सीसाठी, म्हणजे ठेवलं तसं गोठून राहण्यासाठी, पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवून किती वेळात खाली काढतो ते मोजा. माझ्या जास्त डोसच्या गटातले उंदीर चढले नाहीतच, शिवाय रोटारॉडवरून धपाधप पडले. पिंजऱ्यात पाठीला पोक काढून बसलेले, पापण्या अर्ध्यावर. मी तिथे वही घेऊन उभी होते आणि मला पिंजऱ्यात आमचा ओटा दिसत होता.

प्रबंध घेऊन घरी गेले. तक्ते दाखवले, फोटो दाखवले. बाबांचं शिक्षण सातवी, पण आडतीत वजन मारणाऱ्याला सोडत नाहीत. बोट ठेवून एकेक फोटो बघितला. शेवटच्या गटावर थांबले. "अन हे कोनाचं उंदीर?" हॅलोपेरिडॉलचं होतं. तुलनेसाठी तो गट ठेवावाच लागतो. पुढचे पाय दांडीवर ठेवून ते तसंच्या तसं गोठलेलं होतं, माझ्या कुठल्याही उंदरापेक्षा जास्त वेळ. "मंग तुयी गोळी तरी काय वेगळं करते व माय?"

याला मला उत्तर आलं नाही. आज देते. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असतं, कमी करता येते, बदलता येते. कुठल्या मुळीत किती रेसरपिन आहे ते मुळीगणिक बदलतं. रेसरपिन मेंदूतला डोपामिन आणि सिरोटोनिनचा साठाच रिकामा करतं, म्हणून औदासीन्याच्या तक्रारी पन्नाशीच्या दशकापासून नोंदलेल्या आहेत; क्लोरप्रोमाझिन हे दुसरं औषध आल्यावर मनोविकारांत ते मागे पडलं ते उगाच नाही. दादाची गोळी नंतर डॉक्टरांनी बदलली, ओलान्झापिन दिलं. वजन वाढलंय, साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, पण यंदा सगळी डवरणी त्यानेच केली. बाबा याचं श्रेय अजून मुळीला देतात. देऊ देत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शांत होणं म्हणजे बरं होणं नव्हे, आणि उंदराला आवाज ऐकू येतात का ते विचारता येत नाही. माणसांत हे पॅन्सने मोजतात: तीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते सात गुण. त्यात भास असतो तसं गप्प पडून राहणंही मोजलं जातं. २०१८ मध्ये छापून आलेला अश्वगंधेचा अभ्यास बघा, ६८ रुग्ण, बारा आठवडे, चालू औषध बंद न करता वरून अर्क दिलेला. लक्षणं कमी झाली. असं काम व्हायला हवं. प्रबंधात "आश्वासक" हा शब्द लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला राग आहे, माझ्याही प्रबंधात तो दोनदा आहे.

आणि हो, घरात कोणाची गोळी चालू असेल तर मुळीसाठी ती बंद करू नका, मुळी चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सर्पगंधा जंगलातून उपटूही नका, आधीच फार उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र बाबांना अजून सांगितलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी एक वेगळंच औषध मंजूर झालं, झॅनोमेलीन, सोबत ट्रॉस्पियम. ते डोपामिनला अडवत नाही, मेंदूतल्या मस्करिनिक रिसेप्टर नावाच्या दुसऱ्याच ग्राहकावर काम करतं, आणि झॅनोमेलीनचा रेणू घडवला तो अरेकोलीनवरून. अरेकोलीन म्हणजे सुपारीतलं. पलाऊ बेटांवर ७० रुग्णांचा एक अभ्यास २००० साली छापून आला होता, त्यात सुपारी खाणाऱ्यांची लक्षणं न खाणाऱ्यांपेक्षा सौम्य निघाली. सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो हे त्याच्या कैकपटीने पक्कं आहे, शिवाय हॅलोपेरिडॉलच्या जातीच्या गोळ्यांसोबत सुपारी खाल्ली की कडकपणा वाढल्याच्या नोंदी आहेत. पण बाबा एवढं ऐकून घेणार नाहीत. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात, आणि दादा समोर हात पसरून बसलेला असतो. मी दिसले की दोघंही पन्नी गादीखाली सरकवतात.